दंतवेष्ट आणि स्मृतिभ्रंश

सुश्रुताचार्यांनी १५ दंतमूलगत रोग सांगितले आहेत. त्यांपैकी दंतवेष्टात हिरड्यांतून पू व रक्त येते, दात हलतात. हा जीर्ण शोथ मुखापुरता राहत नाही. शोथकारक द्रव्ये रक्तावाटे सर्वत्र पोचतात. अल्झायमरने मृत झालेल्यांच्या मेंदूत पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस या हिरड्यांतील जिवाणूची विकरे आढळल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि ती विकरे रोखणारे औषध २०२१ मध्ये चाचणीत अपेक्षित गुण दाखवू शकले नाही. शिवाय स्मृती ढळलेला रुग्ण दात घासणेही विसरतो. म्हणजे संबंध दिसतो, कारण सिद्ध नाही.

यास्तव वृद्धांच्या हिरड्या अवश्य तपासाव्यात, कवल-गंडूष योजावा, पू दिसल्यास दंतवैद्याकडे पाठवावे. औषधविक्रेत्यांनी मात्र दंतमंजन ‘स्मृतिरक्षक’ म्हणून विकू नये.