शब्दविचार : पुळका

‘पुळका’ हा शब्द संस्कृत ‘पुलक’ म्हणजे रोमांच, यापासून आला. मराठीत मात्र ‘पुळका येणे’ म्हणजे अनाठायी, उतू जाणारी कळकळ होय. कळवळ्याची दृष्टी दुःखितावर असते. पुळक्याची स्वतःच्या उमाळ्यावर.

लीळाचरित्रात पारध्यांना भिऊन पळालेला ससा श्रीचक्रधर स्वामींच्या जानूखाली शिरतो. स्वामी त्यास राखतात आणि भय सरताच जाऊ देतात. उपकार करून अडकवीत नाहीत. हा कळवळा होय.

परंतु खऱ्या मदतीतही पुळका शिरू शकतो. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यात किल्लारी परिसरातील गावे नव्याने वसली, तेव्हा काही ठिकाणी सरळ रस्त्यांच्या आखणीत भावकीचा शेजार तुटला. साह्य मोठे होते. विचारपूस अपुरी पडली.

म्हणून देणाऱ्याने आधी स्वतःस विचारावे : ही गरज त्याची की माझी?