डबा परत नको

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहतं. दोन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात त्यांना मुलगी झाली. सिझेरियन होतं. बाळंतिणीच्या आईचा पाय नेमका तेव्हाच मोडलेला, त्यामुळे माहेरी जाणं रद्द झालं. सासूबाई साताऱ्याहून आल्या त्या आठ दिवसांत परतल्या, कारण तिकडे सासरे एकटेच. हे कानावर आलं आणि माझ्यातली अन्नपूर्णा जागी झाली.

मी मसालेभात केला, भरली वांगी केली, काकडीची कोशिंबीर केली. आदल्या दिवशी डिंकाचे 40 लाडू वळून ठेवले होतेच. माझ्या रुखवतातले, नाव घातलेले चार स्टीलचे डबे भरले आणि दुपारी साडेबाराला त्यांची बेल वाजवली. कुणी येईना, म्हणून पुन्हा वाजवली. आतून बाळाचा टाहो ऐकू आला आणि मगच दार उघडलं. दारात मुलगा उभा, केस विस्कटलेले, खांद्यावर दुपटं.

“या ना काकू,” तो म्हणाला. बिचारा दुसरं काय म्हणणार?

ती पोटाशी हात धरून बाहेर आली. मी तिला “अगं, पडून राहा तू” म्हटलं आणि स्वतः सोफ्यावर बसले. बसले ती तासभर. त्याने चहा टाकला, मी “कशाला, कशाला” म्हणत प्यायले. माझ्या दोन्ही बाळंतपणांच्या कथा सांगितल्या. पोट बांधतेस ना, शेक घेतेस ना, सगळं विचारलं. निघताना लाडवाचा डबा उघडून म्हटलं, “एक तरी खा माझ्यासमोर.” तिने खाल्ला. फ्रिजवर रक्तातली साखर मोजायचं यंत्र दिसलं होतं. मला वाटलं, सासूबाईंचं राहिलं असेल.

रात्री साडेनऊला मुलगा दारात. चारही डबे लख्ख घासलेले आणि एकात पाव किलो पेढे. “रिकामा डबा देऊ नये म्हणते आई,” तो हसून म्हणाला. त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. बाहेर धो धो पाऊस, आणि पेढ्यांसाठी हा माणूस स्टेशनपर्यंत जाऊन आलेला. दुसऱ्या दिवशी पहाटेची लोकल पकडून त्याला कामावर रुजू व्हायचं होतं.

मला तेव्हा जरा चुटपुट लागली, पण खरा उलगडा झाला दोन महिन्यांनी. बाळाची आई आता माझ्याशी मोकळेपणाने बोलायला लागली होती. मी विचारलं तेव्हा तिने हसत हसत सगळं सांगितलं. रात्रभर जागून तिचा त्या दिवशी पहिल्यांदा डोळा लागला होता, तेवढ्यात बेल वाजली. ऑपरेशननंतर पोट साफ होत नव्हतं, गॅसने जीव नकोसा झालेला, त्यामुळे मसालेभात-वांगी तिला खाता आली नाहीत. मी गेल्यावर त्यांनी कुकर लावला. आणि ते यंत्र तिचंच होतं. गरोदरपणात सहाव्या महिन्यात साखर वाढलेली निघाली होती आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं होतं. माझा गुळाचा लाडू तिने निव्वळ भिडेखातर गिळला होता.

“मग कुणाचा डबा उपयोगी पडला?” मी जरा चिडूनच विचारलं.

पहिल्या मजल्यावरच्या आजींचा, ती म्हणाली. संध्याकाळी दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली असायची. आइस्क्रीमच्या जुन्या डब्यांत एकात वरण, दुसऱ्यात दुधी किंवा पडवळ. सोबत कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाची चिठ्ठी: ‘डबे परत नकोत. बेल वाजवली नाही.’

त्या चिठ्ठीतली दोन वाक्यं मी गाठीला बांधली आहेत. आपल्याकडे बाळंतविडा द्यायची रीत जुनी. पण ती रीत पडली तेव्हा पहिलटकरीण माहेरी असायची. सव्वा महिना तिला पाणीही हातात मिळायचं. दार उघडायला, चहा टाकायला, भांडी घासायला घरात चार बायका असायच्या. पाहुणे बसले तरी बाळंतीण आत निजलेली. आता दोन खोल्यांत दोन माणसं आणि एक बाळ. तिथे आपण डबा घेऊन जातो आणि नकळत तीन कामं ठेवून येतो: आपली सरबराई, आपली भांडी आणि आपली परतफेड.

तेव्हा माझ्या चुकांमधून जे शिकले ते सांगते.

आधी विचारा, आणि ते फोन करून नव्हे. मोबाइलवर निरोप टाका, म्हणजे त्यांना सवडीने उत्तर देता येतं. “काय आणू?” असं मोघम विचारलं की “काही नको” हेच उत्तर येतं. “उद्या मुगाचं वरण आणि दुधी करतेय, तुमच्यासाठीही करू का?” असं विचारा. शेंगदाणे, तीळ, दूध यांतलं काही वर्ज्य आहे का, साखरेचा त्रास आहे का, हेही विचारा. बाळंतिणीच्या आहारावर घरोघरी मतं वेगळी. एका घरी लसूण-बाजरी-शेपूशिवाय पान हलत नाही, दुसऱ्या घरी वांगं-वाल उंबऱ्याआत येत नाहीत. आपण दारात उभं राहून शास्त्रार्थ करू नये. त्यांचं चालतं ते न्यावं.

अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज साधारण 600 कॅलरी जास्त लागतात. भूक रात्री दोनलाही लागते. म्हणून एका हाताने खाता येईल असं काहीतरी पोळी-भाजीबरोबर द्या: मेथीचे छोटे पराठे, मऊ धिरडी, भाजलेले मखाणे. लाडू द्यायचेच तर विचारून, आणि आठ-दहाच. अळीव, खारीक, गोडंबी घालून चाळीस लाडू केले तरी ते खाणारं तोंड एकच असतं.

भात मात्र नेऊ नका. शिजलेला भात तासन् तास बाहेर राहिला तर त्यात वाढणाऱ्या जंतूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. त्यांच्या घरी डबा कधी उघडेल याचा भरवसा नाही. वरण-भाजी न्या. कुकरला तांदूळ लावणं जमतं कुणालाही. जे न्याल ते ताजं असू द्या, आणि दोन तासांत खाल्लं नाही तर फ्रिजमध्ये ठेवा, असं चिठ्ठीवर लिहा. कधी केलं आणि कशात शेंगदाण्याचं कूट आहे, तेही लिहा.

नाव घातलेला डबा कपाटात ठेवा. जो डबा हरवला तरी चालेल असाच न्या, आणि परत नको हे आधीच सांगा. नाहीतर तो मुलगा पावसात पेढे आणायला निघालाच म्हणून समजा.

डबा आईबापांसाठी आहे, बाळासाठी नव्हे. सहा महिने बाळाला आईचं दूध पुरतं. मध चाटवायची हौस असेल तर ती आवरा. वर्षाच्या आत मध द्यायचा नसतो.

शेवटचं म्हणजे घाई करू नका. पहिल्या आठवड्यात सगळेच धावतात, फ्रिज भरून वाहतो. बारसं उरकतं, आजी गावी जाते आणि बापाची रजा संपते. केंद्र सरकारच्या नोकरीत त्याला 15 दिवस मिळतात, खाजगीत तर त्याला रजा देण्याचा कायदाच नाही. तिसऱ्या आठवड्यात ती बाई दिवसभर एकटी असते, आणि तेव्हाच कुणी फिरकत नाही. डबा तेव्हा न्या. तिने आपणहून “बसा” म्हटलं आणि तिला खरंच बोलायचंय असं दिसलं, तर बसा, पण चहा तुम्ही करा आणि कप विसळून ठेवा.

तुमच्या इमारतीत सध्या कुणाकडे बाळ आलं असेल तर आजच निरोप टाका. त्याला एक मिनिट लागतं. मला ते सुचायला 40 लाडू लागले.