विटांसाठी राख : शेताची माती वाचविण्याचा उपाय

शिरूर व दौंड तालुक्यांत भीमा, घोड व मुळा-मुठा या नद्यांच्या काठची पोयट्याची माती विटांसाठी चांगली मानली जाते. परंतु ऊस, कांदा व गहू यांना पोसणारी मातीही तीच होय. शेताचा वरचा थर वीटभट्टीस विकला असता हाती आलेली रक्कम लवकरच खर्च होते. गेलेला थर पुन्हा घडविण्यास मात्र निसर्गाला शतके लागतात.

या हानीचा हिशेब सोपा आहे. एका विटेस सुमारे ३ किलो कोरडी माती लागते. एक गुंठा जमिनीचा एक फूट जाडीचा थर अदमासे ४० टन भरतो. म्हणजे एक लाख विटांपायी साडेसात गुंठे जमीन फूटभर खरवडली जाते. मातीत वजनाने चौथा हिस्सा राख मिसळल्यास त्यांपैकी जवळजवळ दोन गुंठे वाचतात. केंद्र शासनाने १४ सप्टेंबर १९९९ रोजी काढलेल्या अधिसूचनेत कोळशावरील वीजकेंद्रांच्या ५० किलोमीटर परिसरात विटांच्या मातीत किमान २५ टक्के राख मिसळण्याचे बंधन घातले. सुपीक माती वाचविणे हाही तिचा एक हेतू होता.

राखेची पारख

सर्व राख सारखी नसते. वीजकेंद्रातील दगडी कोळशाची बारीक राख विटांस सर्वांत सोयीची होय. साखर कारखान्यांच्या बॉयलरमधून निघणारी चिपाडाची, म्हणजेच बगॅसची, राख या भागात जवळ मिळू शकते. तीत सिलिका पुष्कळ असते. परंतु अर्धवट जळालेला कोळसाही असतो. त्याने भट्टीचे थोडे इंधन वाचते. मात्र प्रमाण वाढल्यास वीट सच्छिद्र व ठिसूळ होते. गुऱ्हाळाची थोडीथोडकी राख पालाशासाठी शेतातच घालणे अधिक हितावह होय.

कुरकुंभ व रांजणगाव येथे औद्योगिक वसाहती आहेत. रासायनिक कारखान्यांतील कचरा जाळून उरलेली अथवा कोठून आली हे ठाऊक नसलेली राख फुकट मिळाली तरी घेऊ नये. तीत विषारी धातू असण्याचा संभव असतो. ही राख घराच्या भिंतीत, हाताळणाऱ्या मजुरांच्या अंगात व विहिरीच्या पाण्यात जाणे घातक होय. राख कोणत्या बॉयलरची व कोणत्या इंधनाची आहे, हे लेखी घ्यावे.

मिश्रणाची रीत

प्रथम माती चाळून चुनखडीचे खडे काढावेत. असा खडा भट्टीत भाजला जाऊन पुढे पाणी लागताच फुगतो व वीट फुटते. राखही चाळून घ्यावी. राख हलकी असल्यामुळे घमेल्याचे माप फसवे ठरते. म्हणून वजनच करावे. कोळशाची राख २५ टक्क्यांपर्यंत घ्यावी. बगॅसच्या राखेचा आरंभ ५ टक्क्यांपासून करावा व कसोटीस उतरल्याशिवाय १० टक्क्यांपुढे जाऊ नये. काळ्या मातीच्या विटा सुकताना आकसून तडकतात. राखेमुळे हा दोष कमी होतो.

माती व राख कोरडी असतानाच एकजीव करावी. नंतर पाणी घालून गारा रात्रभर मुरू द्यावा व सकाळी चांगला तुडवावा. थापलेल्या विटा पहिले काही दिवस कडक उन्हापासून जपाव्यात आणि पुरत्या वाळल्यावरच भट्टीत रचाव्यात. कोरडी राख उडू नये म्हणून तिच्या ढिगावर पाणी शिंपडावे व काम करणाऱ्यांनी नाकातोंडास कापड बांधावे.

विटांची कसोटी

आरंभी शंभर विटांचाच प्रयोग करावा. नेहमीच्या विटाही त्याच भट्टीत खूण करून ठेवाव्यात, म्हणजे तुलना होईल. दोन विटा एकमेकींवर आपटल्या असता खणखणीत आवाज यावा. वीट फोडून पाहिली असता आतला गाभा काळा नसावा. कोरडी वीट तोलून २४ तास पाण्यात ठेवावी व पुन्हा तोलावी. वजन २० टक्क्यांहून अधिक वाढल्यास राखेचे प्रमाण कमी करावे. वीट उथळ पाण्यात उभी ठेवून नंतर वाळवावी. अंगावर पांढरा लोणा दाट फुटल्यास ती राख सोडून द्यावी. घरासाठी मोठ्या प्रमाणावर विटा घेण्यापूर्वी दाबाची चाचणी प्रयोगशाळेतून करून घ्यावी.

राखेने मातीची गरज कमी होते, संपत नाही. म्हणून उरलेली माती पिकाऊ शेतातून न घेता, परवानगी काढून, तलावाच्या गाळातून अथवा पडीक जागेतून घ्यावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी माती विकू पाहणाऱ्या शेतकऱ्यास वरील साडेसात गुंठ्यांचा हिशेब त्याच्याच बांधावर उभे राहून मांडून दाखवावा. घर बांधण्यासाठी शेत खणण्याची वेळ कोणावर येऊ नये, हेच या खटाटोपाचे प्रयोजन होय.