मदतनिसाचे तास

(मामा वकिलीतून निवृत्त झालेले, काही काळ कॅलिफोर्नियात लेकीकडे राहून आलेले, भाची महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणारी.)

भाची : मामा, 22 जून 2017 रोजी वॉशिंग्टनमध्ये घडलेल्या प्रसंगाची छायाचित्रे मी परवा पाहिली. सिनेटमधील बहुमतवाल्या पक्षाचे नेते मिच मॅकॉनेल यांच्या कचेरीबाहेर, चाकांच्या खुर्च्यांतून आलेली कितीतरी माणसे फरशीवर आडवी झाली होती आणि पोलीस त्यांना हातापायांना धरून उचलून नेत होते. त्यांचे गाऱ्हाणे आरोग्यविम्याच्या विधेयकाविषयी होते एवढे मला समजले. पण ज्यांतल्या काहींना स्वतःहून कूसही बदलता येत नसेल, अशांनी हे अंगावर ओढवून घ्यावे, असे त्या विधेयकात होते तरी काय?

मामा : मृतवत् पडून राहण्याचा सत्याग्रह करायला त्या दिवशी साठेक माणसे आली होती आणि त्यांपैकी 43 जणांना अटक झाली. विधेयकात अनेक बाबी होत्या आणि वर्तमानपत्रांतून चर्चाही मुख्यतः त्यांचीच झाली. परंतु या मंडळींचे लक्ष होते ते मेडिकेडवर, म्हणजे केंद्र आणि राज्ये यांनी मिळून गरिबांसाठी चालवलेल्या वैद्यकीय साहाय्याच्या योजनेवर, जिच्या खर्चात दहा वर्षांत 772 अब्ज डॉलरांची घट होईल असा हिशेब खुद्द अमेरिकी काँग्रेसच्याच अंदाजपत्रक कार्यालयाने मांडला होता. ही योजना केवळ डॉक्टरांचे आणि औषधांचे पैसे भरते असे नाही. ज्याचे हातपाय चालत नाहीत अशा माणसाला सकाळी अंथरुणातून उचलून खुर्चीत बसवणाऱ्या मदतनिसाचे वेतनही बहुधा तिच्याच खजिन्यातून येते. तो मदतनीस यायचा थांबला, म्हणजे एक तर अंथरुणात पडून राहायचे, नाहीतर शुश्रूषागृहात कायमचे भरती व्हायचे.

भाची : पण शुश्रूषागृहात दिवसरात्र परिचारिका असतात, वेळेवर अन्न मिळते, औषध मिळते. मग त्याची इतकी धास्ती कशासाठी?

मामा : तिथे केव्हा उठायचे, काय खायचे, दिवा केव्हा मालवायचा, भेटीला कोणाला बोलवायचे, हे सगळे दुसरे कोणी तरी ठरवते, आणि ते महिनाभर नव्हे, जन्मभर. डेन्व्हर शहराजवळच्या अशाच एका शुश्रूषागृहात 1970 नंतरच्या काळात वेड ब्लँक नावाचा एक पाद्री नोकरीस होता. अपघाताने किंवा जन्मतः अपंग झालेली तरुण मुले, केवळ घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून, तिथे वृद्धांच्या सोबतीने आयुष्य काढीत असलेली त्याने पाहिली. त्यांतल्या कित्येकांना त्याने बाहेर काढले, भाड्याची घरे मिळवून दिली, मदतनिसांची तजवीज केली. पुढे लक्षात आले की घराबाहेर पडायचे तर बसमध्ये चढता आले पाहिजे. म्हणून 1978 च्या जुलैत त्यांच्यापैकी 19 जणांनी भर रस्त्यात बसगाड्या अडवल्या आणि रात्रभर तेथेच मुक्काम ठोकला. 'अडॅप्ट' ही संघटना 1983 साली उभी राहिली ती याच माणसांतून. सार्वजनिक वाहतुकीचा प्रश्न 1990 च्या अपंगविषयक कायद्याने बव्हंशी निकालात निघाल्यावर तिने आपली सारी शक्ती मदतनिसांच्या प्रश्नाकडे वळवली. तेव्हा मॅकॉनेल यांच्या दाराशी जी माणसे आडवी झाली, ती ज्या परंपरेतली होती तिचा आरंभच शुश्रूषागृहातून सुटका करून घेण्यात झालेला आहे.

भाची : मदतनीस नेमके करतो काय? मला वाटायचे, स्वयंपाकपाणी, केरवारे.

मामा : तेही आहेच. पण मानेखालचे सारे अंग लुळे पडलेल्या एखाद्या गृहस्थाची सकाळ डोळ्यांपुढे आण. रात्रभर साठलेली लघवीची पिशवी रिकामी करायची. शौचाचे सारे उरकायचे, ज्याला कधी कधी तासाहून अधिक वेळ लागतो. अंग पुसताना पाठीवर, टाचांवर, कमरेखाली कातडी लाल झालेली नाही ना हे बारकाईने बघायचे, कारण तिथे पडलेली जखम हाडापर्यंत गेली तर माणूस दगावतो. मग कपडे, मग पट्ट्यांच्या झोळीत घालून उचलणे, खुर्चीत नीट टेकवणे, दात घासणे, घास भरवणे. कॅलिफोर्नियात या कामांसाठी 1973 पासून एक स्वतंत्र योजना आहे. तिच्यात जिल्ह्याचा समाजसेवक घरी येऊन पाहणी करतो आणि आंघोळीला इतकी मिनिटे, भरवायला इतकी, कूस बदलायला इतकी, असा एकेका कामाचा हिशेब लिहून महिन्याचे तास मंजूर करतो. अतिशय गंभीर अपंगत्व असले तरी महिन्याला 283 तासांच्या पलीकडे मंजुरी मिळत नाही. 2013 च्या जुलैत सरकारने सरसकट सर्वांचे तास 8 टक्क्यांनी कमी केले. ऐकायला किती माफक वाटते! परंतु 283 तासांतून 8 टक्के गेले म्हणजे महिन्याला साडेबावीस तासांहून अधिक गेले. दिवसाकाठी पंचेचाळीस मिनिटे. या पंचेचाळीस मिनिटांत काय गाळायचे, हे आता त्या गृहस्थाने ठरवावे. शौच गाळता येत नाही, जेवण गाळता येत नाही. म्हणून आंघोळ जाते, आणि तिच्याबरोबर कातडी तपासणेही जाते. तिजोरीत शिल्लक पडलेला पैसा पुढे इस्पितळात जखम भरून येण्यासाठी किती पटींनी खर्ची पडतो, याचा ताळा त्या अंदाजपत्रकात कोठेही मांडलेला नसतो. ते तास 2015 च्या जुलैत पूर्ववत झाले; मधली दोन वर्षे लोकांनी कशी काढली असतील ते तूच ताडून पाहा.

भाची : पैसा कमी पडला की काटकसर सगळ्याच खात्यांत होणार. कुऱ्हाड नेमकी इथेच प्रथम का पडते?

मामा : तू मर्मावर बोट ठेवलेस. याचे मूळ 1965 च्या मेडिकेड कायद्याच्या घडणीत आहे. शुश्रूषागृहाचा खर्च देणे राज्यांवर बंधनकारक आहे. घरातली मदत बहुतांशी राज्याच्या मर्जीवर सोडलेली आहे. जे बंधनकारक आहे त्याला हात लावता येत नाही, म्हणून खजिन्यात खडखडाट झाला की मर्जीची बाब आधी छाटली जाते. मग ती बाब स्वस्त का असेना. आयोवा राज्यातल्या केटी बेकेट या मुलीचे उदाहरण घे. तान्हेपणी मेंदूज्वर झाल्यामुळे ती श्वासयंत्रावर होती. घरी नेण्याइतकी ती सुधारली, आईबाप न्यायला तयार, घरचा खर्चही इस्पितळाच्या मानाने पुष्कळ थोडा. परंतु ती इस्पितळातच असेपर्यंत सरकार पैसे देणार, घरी गेली की बंद, असा नियम. म्हणून तीन वर्षांची ती पोर इस्पितळात अडकून पडली. 1981 साली अध्यक्ष रेगन यांनी जाहीरपणे या नियमावर टीका केली, तिच्यासाठी अपवाद करण्यात आला, आणि त्याच वर्षी राज्यांना घरगुती सेवेसाठी केंद्राकडून खास सवलत मागण्याची मुभा कायद्याने दिली. मात्र या सवलतीत किती जणांना घ्यायचे त्याची मर्यादा राज्याने ठरवायची, आणि बाकीच्यांनी रांगेत उभे राहायचे. 2024 साली त्या रांगांतील माणसांची संख्या सात लाखांच्या आसपास होती. शुश्रूषागृहासाठी अशी रांग लावण्याची मुभा कायदा देत नाही.

भाची : न्यायालयांनी यात काही केले नाही?

मामा : केले, आणि मोठे केले. जॉर्जिया राज्यातल्या सरकारी मनोरुग्णालयात लोइस कर्टिस आणि इलेन विल्सन या दोन स्त्रिया होत्या. त्या बाहेर समाजात राहू शकतील असा अभिप्राय त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांनीच दिला होता, तरी त्यांना आतच ठेवण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की गरज नसताना माणसाला असे संस्थेत एकाकी ठेवणे हा 1990 च्या कायद्यान्वये भेदभावच होय. निकालपत्र न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्झबर्ग यांचे, आणि तारीख 22 जून 1999. म्हणजे वॉशिंग्टनमधला तो सत्याग्रह या निकालाला बरोबर अठरा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी झाला. लोइस कर्टिस पुढे स्वतःच्या घरात राहिल्या, चित्रे काढू लागल्या, आणि 2011 साली त्यांनी आपले एक चित्र अध्यक्ष ओबामांना भेट दिले. या निकालाचा आधार कॅलिफोर्नियातल्या लोकांनाही झाला. 2009 साली मंदीने राज्याचा खजिना रिकामा झाला, तेव्हा गव्हर्नर श्वार्झनेगर यांच्या सरकारने अपंगत्वाला गुण देऊन ठरावीक गुणांच्या खालच्या लोकांची घरगुती मदत मुळातच बंद करायचे ठरवले. केंद्रीय न्यायालयाने त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्याला मनाई केली. पण पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात पुन्हा कपातीचे प्रस्ताव आले, आणि 2010 च्या उन्हाळ्यात बर्कलीत अपंगांनी रस्त्याच्या मधल्या पट्टीवर तंबू ठोकले व त्या वस्तीला गव्हर्नरांच्याच नावावरून 'आर्नीव्हिल' असे नाव दिले. निकाल मिळाला तरी मंजुरी दर वर्षी नव्याने मिळवावी लागते, हे त्यांना पुरते कळून चुकले होते.

भाची : रागावू नका, पण एक शंका राहतेच. घरची माणसे असतात ना? आपल्याकडे आई करते, सून करते, बहीण करते. तिथे सगळे सरकारने का करावे?

मामा : रागवायचे कशाला? आपल्याकडे बहुतेकांच्या मनात हेच असते. करते ती आई, आणि ती नोकरी सोडून करते, कंबर मोडेपर्यंत करते, आणि 'माझ्यामागे याचे कसे होणार' हा एकच घोर तिला रात्ररात्र जाळतो. त्या घोराला तुझ्या प्रश्नात कोठे जागा आहे? कॅलिफोर्नियाची योजना आईला, मुलीला, नवऱ्यालासुद्धा मदतनीस म्हणून वेतन देते. तेव्हा तास छाटले म्हणजे अशा घरांतल्या आईचाच रोजगार छाटला. आणि ज्याचे केले जाते त्याच्या बाजूनेही बघ. एड रॉबर्ट्स चौदाव्या वर्षी पोलिओने लुळे झाले. रात्री लोखंडी फुफ्फुसात निजत असत. 1962 साली बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला आले आणि विद्यापीठाच्याच इस्पितळात राहिले. पुढे 1972 साली तिथे 'स्वतंत्र जीवन केंद्र' निघाले, त्यात त्यांचा मोठा हात होता. या मंडळींनी सांगितले की आमचा सदरा दुसऱ्याने चढवला म्हणून आम्ही परतंत्र ठरत नाही. कोणता सदरा, केव्हा, आणि कोणाच्या हाताने, हे आम्ही ठरवले की पुरे. पोटच्या पोराला आईला कामावरून काढता येत नाही, मामाला वेळेवर ये म्हणून सांगता येत नाही. पगारी मदतनिसाला सांगता येते.

आपल्या देशाचेही सांगतो. अपंगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात समाजात राहण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. भारताने तो करार 2007 सालीच मान्य केला, आणि आपल्या 2016 च्या कायद्यात ज्यांना मोठ्या आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी मदतनीस-भत्त्याचा उल्लेख आहे. अमेरिकेच्या सिनेटने मात्र डिसेंबर 2012 मध्ये तो करार 61 विरुद्ध 38 अशा मतांनी नामंजूर केला, कारण दोन-तृतीयांश मते जुळली नाहीत. करार मान्य केलेल्या आपल्या देशात कागदावरचा तो भत्ता किती घरांत पोचला आहे, हे तू तुझ्या विद्यार्थ्यांना गावोगाव विचारायला लाव.

भाची : आणि 2017 च्या त्या विधेयकाचे पुढे काय झाले?

मामा : ते बारगळले. जुलैअखेर तो प्रयत्न 49 विरुद्ध 51 मतांनी पडला. पण त्याने काही मिटले नाही. मे 2025 मध्ये प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे मेडिकेडमधल्या कपातीचा प्रस्ताव आला, तेव्हा पुन्हा चाकांच्या खुर्च्यांतली माणसे सभागृहात घोषणा देऊ लागली, पुन्हा त्यांना बाहेर काढले, 26 जणांना अटक झाली. आणि या खेपेस विधेयक मंजूर होऊन 4 जुलै रोजी त्यावर सही झाली. घरगुती सेवेवर त्यात थेट घाला नाही. पण दहा वर्षांत सुमारे नऊशे अब्ज डॉलर केंद्राकडून कमी येणार, म्हणजे राज्यांना कोठे तरी छाटावेच लागणार, आणि मर्जीवर सोडलेली बाब कोणती ते तुला आता ठाऊक आहे. ती छाटणी वॉशिंग्टनला होणार नाही. एकेका राज्याच्या राजधानीत, अंदाजपत्रकाच्या सुनावणीत होईल. तिथे ज्याला आपले म्हणणे मांडायचे आहे त्याने सकाळी नऊच्या ठोक्याला हजर असले पाहिजे, आणि त्यासाठी पहाटे पाचला दार उघडून आत येणारा मदतनीस त्या दिवशी तरी मंजूर असला पाहिजे.