पाठचे भावंड



जनाबाईंच्या जन्मगावी, गंगाखेडास, कीर्तन आटोपले की कोणी माऊली हळूच विचारते, "महाराज, आमच्यामागे या लेकराचं कोण?" लेकरू पंचविशीचे असते, देह वाढला, समज मागे राहिली. या प्रश्नाचे उत्तर पाठच्या भावंडांनीच द्यायचे असते.

लोक म्हणतात, पूर्वजन्मीचे पाप! अहो, कर्मसिद्धान्त स्वतःच्या आचरणाची झडती घेण्यासाठी आहे, शेजाऱ्याच्या दारी निवाडा देण्यासाठी नव्हे. जन्मताना प्राणवायू कमी पडणे, बालपणीचा मेंदूज्वर, गुणसूत्रांतील फरक अशी कारणे वैद्य सांगतात. पुष्कळदा कारण सापडतही नाही. हे वेड नव्हे, आणि स्पर्शाने लागतही नाही.

निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई पोरकी झाली. जगाने टाकले, पण त्यांनी एकमेकांस टाकले नाही. जनाबाई तर रक्ताच्याही नव्हत्या, तरी नामदेवांच्या घरच्या झाल्या. मग आपला सख्खा भाऊ परका कसा?

माया करावी ती अशी. त्याला नावाने हाक मारावी. 'येड्या' म्हणू नये, दुसऱ्यास म्हणू देऊ नये. आंघोळ, सदरा घालणे, गुरांना पाणी दाखवणे, एकेक काम लहान लहान पायऱ्यांनी, रोज ठरल्या वेळी शिकवावे. त्याला जमते ते आपण करू नये. भजनात हाती टाळ द्यावा. गलबला सोसत नसेल तर कडेला बसवावे. वारीत त्याच्या खिशात नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी असावी. आणि सगळा भार एकट्या भावजयीवर टाकू नये. भावंडांनी पाळ्या लावाव्यात.

आता व्यवहाराचे. 2016 च्या कायद्याने 6 ते 18 वर्षांच्या अशा मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. अठरा वर्षांनंतर पालक नेमायचा झाल्यास 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी त्या समितीत असतो. आईबाप हयात असतानाच सर्वांनी बसून हे ठरवावे.

शेवटी कटू बोलतो. सातबाऱ्यावरचा त्याचा हिस्सा म्हणजे त्याचे उद्याचे अन्न आहे. अजाण भावाचा अंगठा घेऊन ती जमीन गिळायची आणि सांजेला हरिपाठास बसायचे, हे पांडुरंगास कसे रुचावे? तुळशीमाळ गळ्यात आहे, तोवर त्याचे ताट आपल्या ताटाशेजारी वाढलेले असावे.

रामकृष्णहरि.