बनगरवाडीचा पट

आपल्या होस्टेलवर कॅरम आहे, बुद्धिबळ आहे, आणि परीक्षा जवळ आली की पत्तेही हमखास निघतात. पण वाचलेली कादंबरी पटावर मांडून खेळता येईल का? मी मेकॅनिकलचा विद्यार्थी, साहित्याशी संबंध लायब्ररीपुरता. तरी गेल्या दोन सुट्ट्या मी याच प्रश्नावर घालवल्या. त्यातून जे कळलं ते इथे मांडतो.

हा विषय आपल्या भागाला तसा परका नाही. सापशिडीचा पूर्वज म्हणजे मोक्षपट, आणि परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. ज्ञानदेवांसोबत तीर्थयात्रा करणाऱ्या नामदेवांचं जन्मस्थान मानलं जाणारं नर्सी तर हिंगोली जिल्ह्यातलंच. मोक्षपटात सद्गुणाच्या घरातून शिडी निघते आणि दुर्गुणाच्या घरात साप असतो. पुढे खेळ विलायतेला जाऊन आला, घरांवरची नावं पुसली गेली, आणि साप नुसतेच साप उरले. म्हणजे खेळाचा अर्थ फक्त चित्रात नसतो, नियमातही असावा लागतो. आणि नियम तरी हवा तोच अर्थ सांगतील याची खात्री नसते. अमेरिकेत लिझी मॅगी या बाईंनी १९०४ साली एका खेळाचं पेटंट घेतलं. जमिनीचं भाडं खाणारा श्रीमंत होतो आणि बाकीचे कसे भिकेला लागतात, हे त्यांना दाखवायचं होतं. त्यातूनच पुढे १९३५ साली ‘मोनोपॉली’ बाजारात आली, आणि लोकांना दुसऱ्याला भिकेला लावण्यातच मजा वाटू लागली. आपण लहानपणी खेळलेला ‘व्यापार’ त्याच कुळातला.

आता कादंबरी कोणती घ्यावी? पहिला विचार अर्थातच फास्टर फेणेचा. भा. रा. भागवतांचा फाफे पटावर छान पळेल, पण मग ती शर्यतच होते, आणि फाफे शेवटी सुटणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ (२००४) आपल्या वयाला जास्त जवळची. पण तिच्यातलं सगळं मुकुंदच्या मनात घडतं. मनाला सोंगटी कुठली लावणार?

म्हणून मी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) घेतली. तरुण मास्तर राजाराम सौंदणीकर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर येतो, बंद पडल्यासारखी शाळा पुन्हा भरवतो, गावाकडून तालीम बांधून घेतो, तिच्या उद्घाटनाला औंधचे राजेसाहेब येतात. आणि मग दुष्काळ पडतो आणि वाडी ओस होते. (हे औंध म्हणजे आपलं औंढा नागनाथ नव्हे. होस्टेलवर चार जणांनी तरी मला हेच विचारलं.)

यात कोणी कोणाला हरवत नाही. म्हणून पट सहकारी पद्धतीचा केला: चौघे एका बाजूला, निसर्ग दुसऱ्या बाजूला. खेळाडू म्हणजे मास्तर, कारभारी, मेंढका आणि शेतकरी. सहा वर्षं, वर्षाला प्रत्येकाच्या दोन चाली, म्हणजे एकूण ४८ चाली. मेसवरून आल्यावर बसलं तर तासाभरात डाव उरकतो. मास्तर पोरं थेट शाळेत आणू शकत नाही. आधी कोणाचं पत्र वाचून दाखव, कोणाची मोड आणून दे, भांडण मिटव. असे तीन विश्वासाचे चिंचोके जमले की एक पाटी मिळते. पाटी म्हणजे वाचायला शिकलेलं एक पोर. अंजीच्या चोळीवरून उठलेल्या गैरसमजाचं एक कार्ड आहे, ते निघालं की मास्तर आणि कारभारी एक वर्ष एकमेकांना मदत करू शकत नाहीत. मला स्वतःला शेकूचा नियम सगळ्यात आवडतो. शेतकऱ्याकडे एकच बैल असेल तर त्याला नांगरट सोडावी लागते, नाहीतर घरधनिणीची सोंगटी उचलून जुवाखाली ठेवावी लागते. मग त्या वर्षी तिची दुसरी चाल नाही. ती सोंगटी उचलताना हसतखेळत बसलेला माणूससुद्धा एकदा थांबतो.

खरा अभ्यासाचा भाग मात्र पावसाचा. फासा टाकून १ किंवा २ पडलं की दुष्काळ, असा नियम धरू. एका वर्षी पाऊस होण्याची शक्यता २/३. सहाही वर्षं पाऊस होण्याची शक्यता (२/३) चा सहावा घात, म्हणजे ६४/७२९, जवळजवळ ९ टक्के. अकरा डावांत एखाद्या डावात दुष्काळ पडतच नाही, आणि तो डाव बनगरवाडीचा राहत नाही. उलट पहिल्याच वर्षी दुष्काळ पडण्याची शक्यता ३३ टक्के. मग गमवायलाच काही नसतं. फाशाला आठवण नसते, ही त्याची अडचण.

पत्त्यांच्या गड्डीला आठवण असते. म्हणून पावसाची सहा कार्डं केली: चार ओली, दोन कोरडी. दोन्ही कोरडी कार्डं एका ओल्या कार्डासोबत पिसून तळाला ठेवायची, वर उरलेली तीन ओली. दुष्काळ चौथ्या ते सहाव्या वर्षांत दोनदा येणारच, पण कोणत्या वर्षी ते कोणालाच माहीत नाही. तळाच्या तीन जागांपैकी दोन निवडण्याचे प्रकार तीनच, आणि त्यातल्या दोन प्रकारांत कोरडी वर्षं लागोपाठ येतात. म्हणजे ६७ टक्के डावांत गावाला श्वास घ्यायलाही फुरसत मिळत नाही. ‘पॅन्डेमिक’ (२००८) या गाजलेल्या सहकारी खेळात साथीची कार्डं अशीच गड्डीच्या भागांत वाटून घालतात.

आता जिंकायचं कसं? वाडी वाचली म्हणजे जिंकलो, असं ठरवलं तर कादंबरीशी बेइमानी होते. म्हणून शेवटी गुण फक्त पाट्यांचे. तालमीला गुण नाहीत, ती बांधताना फक्त विश्वास वाढतो. भिंती मागे राहतात, घर उठलं की पाटी पोरासोबत जाते.

या नियमावर आमच्या विंगमधला एक जण अडून बसला. त्याचे आईवडील दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर जातात. तो म्हणाला, “पाटी कोन नेतंय बाबा? पोरगं गाडीत बसतं, पाटी घरीच ऱ्हाते. परत येईस्तोवर बाराखडी विसरते.” तो स्वतः आजीजवळ राहिला म्हणून शिकला. त्याच्याच गावाकडच्या शाळेत पुढे हंगामी वसतिगृह निघालं, तोवर त्याच्या बरोबरीची पोरं टोळीत गेलेली होती.

त्यानं दोन नियम सांगितले. गेलेल्या घराची पाटी उलटी करायची, आणि ते घर परतल्यावर दोन चाली खर्च केल्याशिवाय ती सुलटी करायची नाही. दुसरा नियम ‘उचल’. धान्य संपलं की घर मुकादमाकडून पाच धान्य लगेच घेऊ शकतं. पण पुढच्या वर्षी पाऊस पडो न पडो, ते घर जाणारच. हा नियम घातल्यावर डाव बदलला. ओल्या वर्षातही घरं उठू लागली, कारण उचल मागच्या वर्षीची असते. आजी नावाची सोंगटीही आली. ज्या घरी आजी, त्या घरची पाटी उलटत नाही.

माडगूळकरांच्या वाडीत ऊसतोड नाही, म्हणून हे नियम मी मूळ पटावर घेतलेले नाहीत. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला दुसरा पट काढला आहे, माणदेशाच्या जागी सेनगाव-कळमनुरीकडचं रान. पुढची बाजू कादंबरीची, मागची आमची.

कोणी असं काही करणार असेल तर एक लक्षात ठेवा. खोलीत खेळायला हरकत नाही, पण कादंबरीचं नाव आणि पात्रं घेऊन विकायचं असेल तर परवानगी लागते. माडगूळकर २००१ साली गेले, आणि आपल्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. म्हणजे २०६१ संपेपर्यंत.

सामान असं: जाड पुठ्ठा, चिंचोके, शर्टाची बटणं, आणि कार्डांसाठी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी. आयबूला काय काम द्यायचं ते मात्र अजून सुचलेलं नाही. तो मास्तरच्या शाळेतच राहतो, पण ना मेंढरं राखतो ना नांगर धरतो. सध्या त्याची सोंगटी शाळेच्या घरात नुसती उभी आहे. कोणाला सुचलं तर सांगा, पट माझ्या खोलीवर कॉटखालीच असतो.