बारीक अंगातली चरबी

"मी बारीक आहे, मला तळलेलं चालतं!" हे वाक्य होस्टेलमध्ये रोज ऐकू येतं. ते कितपत खरं आहे, ते जरा पाहू.

शरीरातल्या बहुतेक सगळ्या पेशींत तेच सुमारे 20 हजार जीन्स असतात. फरक असतो तो कोणते चालू आणि कोणते बंद, यात. तेला-तुपातून आलेली मेदाम्लं चरबीच्या पेशीतल्या 'पीपार-गॅमा' या प्रथिनाला चिकटतात. हा जणू मेन स्विचच. तो चालू झाला की चरबी साठवणारे जीन्स कामाला लागतात. इथपर्यंत ठीक, साठवण हेच त्या पेशीचं काम.

पण रोजच गरजेपेक्षा जास्त तेलकट खाल्लं तर पेशी फुगतात. मग तीन गोष्टी होतात.

1) लेप्टिनचा जीन जोरात चालतो. 1994 साली जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने शोधलेला हा जीन म्हणजे 'टाकी भरली' असं मेंदूला कळवणारा सेन्सर. सिग्नल सतत येत राहिला की मेंदू त्याला जुमानत नाही. आपल्या भाषेत, फीडबॅक लूप बिघडतो.
2) इन्सुलिनला मदत करणारं अ‍ॅडिपोनेक्टिन कमी तयार होतं.
3) 'टीएनएफ-अल्फा'सारखे सूज वाढवणारे जीन्स जागे होतात.

परिणाम? इन्सुलिन असूनही त्याचं कुणी ऐकत नाही. मधुमेहाची वाट इथूनच सुरू होते.

आता बारीक मंडळींकडे वळू. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आपल्या बाळांत स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून! 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचंच उदाहरण दिलं. दोघांचा बीएमआय 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के!

म्हणजे वजनकाटा पूर्ण खरं सांगत नाही. टेप घेऊन कंबर मोजा. मुलांची 90 आणि मुलींची 80 सेंटिमीटरच्या आत हवी.

जुन्नर-आंबेगावच्या गावी शेतात राबून भाकरी खाणारा मुलगा होस्टेलवर आला की राबणं सुटतं आणि वडापाव लागतो. सणावाराची मासवडी कुणी सोडू नका. सोडायची ती रोजची तर्री आणि संध्याकाळची भजी. आणि चाला! चालताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात. शिवनेरी जवळच आहे, पायऱ्याही फुकट आहेत.